गुडघा सुजल्यावर कुणाकडे जायचं?

“ऑपरेशनला किती आला गं खर्च?” हा प्रश्न मला गावात विचारला गेला, पाहुण्यांत विचारला गेला, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनंही विचारला. व्यायाम कुठं मिळाला, कुणी शिकवला, त्यात किती गेले, हे अजून कुणी विचारलेलं नाही. आणि घोडं पेंड खातंय ते नेमकं तिथंच. ऑपरेशन करणारे डॉक्टर आमच्या भागात आहेत, मिरज तर दवाखान्यांचंच गाव. ऑपरेशनसाठी सरकारी योजनाही आहे. पण दुखापत झाल्यावर पहिल्या आठवड्यात गुडघ्याला हात लावून ‘तुझं हे बिघडलंय, आता असं असं कर’ म्हणणारं माणूस, आणि नंतर महिनोन्‌महिने व्यायाम करून घेणारं माणूस, ही दोन शोधताना आमची जी दमछाक झाली तशी ऑपरेशनपायी झाली नाही.

मी तासगाव तालुक्यातली. घरी द्राक्षबाग. शाळेपासून कबड्डी खेळते, चढाईला. पदवी झाल्यावर पोलीस भरतीची तयारी चालू होती. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि माझ्याकडे राज्य स्पर्धेतलं पदक आहे, त्यामुळे घरच्यांनीही कधी ‘खेळ बंद कर’ म्हटलं नव्हतं.

जानेवारीत शेजारच्या तालुक्यात यात्रेचे रात्रीचे सामने होते. मुरुमाचं मैदान सपाट करून वर मॅट टाकलेली, मुलींसाठी बारा बाय आठ मीटरचं मैदान आखलेलं. मातीवर खेळताना वळलं की पाय थोडा घसरतो, मॅटवर बुटाचा रबरी तळ घट्ट धरतो. चढाई करून परतताना समोरची कव्हर, म्हणजे बचावातली खेळाडू, अंगावर आली, मी डाव्या पायावर गर्रकन वळले. अंग वळलं, पाऊल जागीच राहिलं. गुडघा आत गेला आणि आतून ‘कट्’ आवाज आला. कुणी मला शिवलंसुद्धा नव्हतं. पंचांना वाटलं मी वेळ काढतेय.

पुढं कळलं की ही दुखापत बहुतेक वेळा अशीच, कुणाचा धक्का न लागता होते. गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड जोडणारे चिवट पट्टे, फुलीसारखे आडवेतिडवे असतात. त्यातला पुढचा म्हणजे एसीएल. नडगीचं हाड पुढं सरकू नये आणि गुडघा पिळू नये, हे त्याचं काम. पळत असताना एकदम थांबणं, एकदम वळणं, उडी मारून एका पायावर उतरणं, यात तो जातो. चढाई म्हणजे या तिन्हींची बेरीज.

मैदानावर औषधोपचार म्हणजे गारेगार स्प्रेची एक बाटली. ती संपत आलेली. मंडळाच्या पोरांनी गोळेवाल्याकडून बर्फ आणला, तो रुमालात बांधून धरला, हे त्यातल्या त्यात बरं झालं. बाकी सल्ले चौफेर होते. “चालून बघ, मोकळा होईल.” “तेल लावून चोळ.” “पट्टी घट्ट बांध आणि शेवटची पाच मिनिटं उभी तरी राहा, संख्याबळ कमी पडतंय.” सामना संपेपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता.

सकाळी आजीनं आंबेहळद उगाळली आणि हट्टानं आम्हाला शेजारच्या वाडीतल्या हाडवैद्य तात्यांकडे पाठवलं. तात्या जुने पैलवान. खांदा निखळला, बोट सरकलं की सगळा परिसर त्यांच्याकडे जातो. मला धडकी भरली होती की आता हे पाय ओढणार. त्यांनी ओढला नाही. दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, “आवाज आलता का? सूज रातीच आली का सकाळी उठल्यावर?” रातीच, म्हटल्यावर हात काढून घेतला. “घंटा-दोन घंट्यात फुगला म्हंजे आत रगत साठलंय. ह्यो आपला धंदा न्हाय पोरी. मिरजेला ने हिला, उगं कुठं चोळत बसू नका.” पैसे घेतले नाहीत.

पुढच्या सगळ्या प्रवासात मला हे वाक्य वारंवार आठवलं, कारण पहिल्या आठवड्यात मला भेटलेल्यांपैकी नेमकं बोलणारे तेवढे एकच होते. पुढं मला भेटलेल्या फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामानं उपचार करणाऱ्या मॅडम आजही पहिले प्रश्न हेच विचारतात: आवाज आला का, सूज किती वेळात आली, नंतर पाय टेकवता आला का.

मिरजेला जायच्या आधी पप्पांनी जवळचा दवाखाना गाठला. एक्स-रे काढला. “हाड शाबूत आहे, काळजीचं कारण नाही,” असं सांगून मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरची पट्टी बांधली, वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि पूर्ण विश्रांती सांगितली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. फ्रॅक्चर नाही म्हणजे काही नाही, हा आपल्याकडचा ठाम समज आहे. एक्स-रेत हाड दिसतं. अस्थिबंध, हाडांमधली गादी, स्नायू दिसत नाहीत. त्या डॉक्टरांना दोष द्यायचा माझा विचार नाही. बाहेर रांग लागलेली होती, आणि गुडघा इतका सुजलेला असताना मांडीचे मागचे स्नायू आखडून बसतात, हातानं केलेली तपासणी तेव्हा फसू शकते. म्हणूनच सूज उतरल्यावर, आठ-दहा दिवसांनी, तोच गुडघा पुन्हा तपासायचा असतो. ‘आठ दिवसांनी परत दाखव’ हे एवढंच वाक्य कुणी बोललं नाही. पट्टी काढायला मात्र बोलावलं.

पट्टी निघाली तेव्हा माझी डावी मांडी मलाच ओळखू येईना. पाय पूर्ण सरळ होत नव्हता, पूर्ण वाकतही नव्हता. बागेच्या बांधावरून उतरताना गुडघा आतल्या आत सटकायचा. दुखण्यापेक्षा तो सटका वाईट, कारण पुढच्या पावलाचा भरवसाच उरत नाही.

मग नात्यातल्या कुणीतरी सुचवलं म्हणून एमआरआय. सहा हजार रुपये. अहवालात इंग्रजीत लिहिलेलं की एसीएल पूर्ण फाटलंय. त्या कागदाला सगळेजण गुडघ्यापेक्षा जास्त मान देऊ लागले. एका ठिकाणी डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, मला खुर्चीतून उठायलाही सांगितलं नाही आणि पुढच्या आठवड्याची ऑपरेशनची तारीख दिली. पॅकेजमध्ये खोली, भूल, स्क्रू, औषधं सगळं धरलेलं. आईनं विचारलं, “नंतर व्यायाम?” “तो तुम्ही तिकडं जवळपास बघा.”

जवळपास बघायला आम्ही आधीच सुरुवात केली होती. ग्रामीण रुग्णालयात फिजिओ भेटला नाही. बाजारपेठेत ‘फिजिओथेरपी सेंटर’ असा बोर्ड दिसला. तिथं रोज गुडघ्याला चिकटपट्ट्या लावून करंट, मग जेल लावून मशीन फिरवायचं, मग लाल दिवा. दहा बैठकांचे पैसे आगाऊ. छान वाटायचं, डुलकी लागायची. मांडी होती तेवढीच राहिली. भिंतीवर पदवी किंवा नोंदणी क्रमांक नव्हता. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टसाठी राज्य परिषद आहे, नोंदणी असल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काही उद्धटपणा नाही. औषधाच्या दुकानात आपण तारीख बघतोच की.

शेवटी वाट सापडली ती आमच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांमुळे. त्यांची पुतणी फिजिओथेरपी शिकत होती. ती म्हणाली, आमच्या कॉलेजच्या ओपीडीत या. फिजिओथेरपी कॉलेजला शिकवण्यासाठी स्वतःची ओपीडी चालवावी लागते, तिथं फी नाममात्र असते, विद्यार्थी व्यायाम करून घेतात आणि वर अनुभवी प्राध्यापक उभे असतात. ही गोष्ट आमच्या अख्ख्या गावात एकालाही माहीत नव्हती. मुंबईत केईएमला हे शिक्षण पन्नासच्या दशकात सुरू झालं, आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात असं एखादं कॉलेज आहे. माहिती मात्र पुतणी असली तरच मिळते.

तिथल्या मॅडमनी आधी माझा चांगला पाय तपासला. मग दुखऱ्या गुडघ्याला थोडंसं, वीस-तीस अंश वाकवून, एका हातानं मांडी धरली आणि दुसऱ्या हातानं नडगी पुढं ओढली. उजव्या पायाला शेवटी ‘टक्’ असं थांबल्यासारखं लागत होतं. डाव्याची नडगी नुसतीच पुढं येत राहिली. मलाही ते जाणवलं. मग टेपनं दोन्ही मांड्यांचा घेर मोजला, तीन सेंटिमीटरचा फरक. एमआरआयची पिशवी त्यांनी सगळ्यात शेवटी उघडली.

“ऑपरेशन करायचं का, ते आपण ठरवू,” त्या म्हणाल्या. “आधी हा पाय सरळ होऊ दे, सूज जाऊ दे, मांडी जागी होऊ दे. आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो आखडलेलाच राहायची भीती असते.” पप्पांना हे पटेना. फाटलंय म्हटल्यावर लवकर शिवलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी त्यांना शांतपणे स्वीडनमधला एक अभ्यास सांगितला, २०१० साली प्रसिद्ध झालेला. एसीएल फाटलेल्या १२१ तरुण लोकांचे दोन गट केले. एकाचं लगेच ऑपरेशन आणि व्यायाम, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि लागलंच तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच बरे-वाईट होते, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना तोवर ऑपरेशन लागलंच नव्हतं. “म्हणजे ऑपरेशन नकोच का?” पप्पा. “तसं नाही. हिला परत चढाई करायचीय, वळायचंय, आणि गुडघा सटकतोय. हिला बहुधा लागेल. पण घाई कुणालाच नाही.” एवढं समजावून सांगायला त्यांना पाऊण तास लागला. तोपर्यंत कुठल्याही दवाखान्यात पाच मिनिटांच्या वर कुणी दिली नव्हती.

पहिला व्यायाम ऐकून मला हसू आलं होतं. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि मांडी आवळून टॉवेल दाबायचा. बस. राज्य स्पर्धा खेळलेली मुलगी, आणि मला ते जमलं नाही! मी जोर लावतेय, चेहरा लाल, मांडी ढिम्म. मॅडम म्हणाल्या, गुडघ्यात पाणी असलं की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला बंद करून ठेवतो, ही शरीराची सवय आहे. त्यांनी माझीच बोटं गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला ठेवायला लावली आणि स्नायू हलतोय का ते मलाच बघायला सांगितलं. किती तरी वेळानं एक बारीकशी थरथर लागली. त्या थरथरीचा मला जितका आनंद झाला तितका पदकाचा झाला नव्हता.

घरी साधनं होती ती वापरली. टाच द्राक्षाच्या क्रेटवर ठेवायची आणि गुडघा हवेत सोडायचा, म्हणजे त्याच्याच वजनानं तो सरळ होतो. दहा मिनिटं, दिवसातून बऱ्याचदा. डोळ्यांतून पाणी यायचं. घोट्याला एक किलो मिठाची पिशवी बांधून पाय उचलायचा. गोठ्याच्या भिंतीला पाठ टेकून अर्धं बसायचं. आजी रोज विचारायची, “दवाखान्यात जाऊन भिंतीला टेकायला शिकलीस व्हय?” आणि नंतर स्वतःच शेजारी टेकून उभी राहायची, तिचेही गुडघे धरलेले.

जाण्यायेण्याचं गणित मात्र सुटता सुटत नव्हतं. ओपीडी सकाळची, आमची एसटी उशिरा निघणारी, परतीची दुपारची चुकली की संध्याकाळ. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ते नसतं तर मी मध्येच सोडलं असतं, हे लिहायला मला संकोच नाही. शिवाय सोबत आई हवी, म्हणजे तिचा मजुरीचा दिवस गेला. बागेतलं काम थांबत नाही. मॅडमनीच मार्ग काढला: आठवड्यातून एकदा या, बाकीचे दिवस मोबाइलवर. माझ्याच फोनमध्ये व्यायामाची चित्रफीत काढून दिली, मी रोज माझी काढून पाठवायची. “गुडघा आत पडतोय, आरशासमोर कर” असा निरोप रात्री साडेनऊला यायचा.

मुलगी असल्यामुळे आणखी काही गोष्टी वाढतात. तपासायला चड्डी घालावी लागते, आणि तपासणारा पुरुष असेल तर घरातून नाही येते. मॅडमनी आईला आत बसवून घेतलं, पडदा ओढला, प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी सांगितलं. आत्यानं मुद्दा काढला की पायावर टाक्यांचे वण राहिले तर सोयरिकीत विचारतील. आई म्हणाली, “लंगडत चालली तर काय आरती ओवाळतील?” विषय तिथं संपला.

मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, हे मला मॅडमनी सांगितलं. मी विचारलं, म्हणजे आमची शरीरंच तशी का? त्यांना ते आवडलं नाही. “शरीररचनेचा थोडा भाग असेल. पण तुम्हाला उडी मारून खाली कसं उतरायचं हे कधी कुणी शिकवलंय? पोरं लहानपणापासून तालमीत, तुम्ही थेट स्पर्धेच्या आठ दिवस आधी सरावाला.” खरं होतं. फुटबॉलवाल्यांनी बसवलेला वीस मिनिटांचा तयारीचा व्यायाम आहे. त्यात एका पायावर तोल, उडी मारून गुडघे आत न पाडता उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचा जोर असं सगळं येतं. अशा व्यायामानं मुलींमधल्या एसीएलच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात, हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलंय. पैसा लागत नाही, साधन लागत नाही. आमच्याकडे सराव म्हणजे मैदानाला पाच फेऱ्या आणि लगेच पकडी.

बागेची एप्रिलमधली खरड छाटणी उरकल्यावर ऑपरेशन केलं. तोवर पाय सरळ झाला होता, सूज नव्हती, मांडी बरीच भरली होती. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली, २०१७ पासून या नावाची. पूर्वी कुटुंबाला दीड लाखाचं कवच होतं, आता पाच लाखांचं. रेशनकार्ड, आधार, एमआरआयची फिल्म घेऊन आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे जायचं. योजनेत असलेल्या प्रत्येक दवाखान्यात प्रत्येक शस्त्रक्रिया होतेच असं नाही, हे भरती व्हायच्या आधी विचारायचं. भरती झाल्यावर कळलं तर पंचाईत. मंजुरी यायला थोडे दिवस लागले. कमरेत भूल, दुर्बिणीनं ऑपरेशन, माझ्याच मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (टेंडन) घेऊन नवा बंध केला. डॉक्टर चांगले होते, हात हलका होता. त्याबद्दल मला एवढंच सांगायचंय.

सुटीच्या कागदावर औषधांची यादी होती, टाके काढायची तारीख होती, आणि तळाला ‘फिजिओथेरपी करणे’ एवढंच. कुठं, किती महिने, कशाच्या खर्चानं, काहीच नाही. योजनेत सुटीनंतरचा पाठपुरावा असतो तो थोड्या दिवसांचा. सरकारनं माझ्या गुडघ्यासाठी स्क्रू दिले, नवा बंध हाडाला अडकवायचं बटण दिलं, भूलतज्ज्ञ दिला; ज्या कामानं ते सगळं उपयोगी पडणार ते माझ्या खिशावर आणि एसटीच्या वेळापत्रकावर सोडलं. माझ्यासारखंच ऑपरेशन झालेली कडेगावची एक मुलगी पुढं भेटली. तिचा पाय आजही पूर्ण सरळ होत नाही. ऑपरेशन उत्तम झालंय, असं तिचे कागद सांगतात.

ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात फसवा काळ येतो. दुखत नाही, सूज नाही, चालणं झकास. गावातली पोरं म्हणायला लागली, “चालतेयस की, मग ये मैदानावर.” पण नवा बंध याच काळात सगळ्यात कच्चा असतो, कारण ती बसवलेली दोरी आधी मरगळते आणि मग तिच्यात नव्यानं रक्तवाहिन्या येतात. मॅडमचं हे बोलणं पप्पांना माझ्याआधी समजलं. ते बागेतल्या भाषेत म्हणाले, खुंटावर कलम भरलं आणि डोळा फुटला म्हणून त्याच साली घड धरत नसतात. त्यानंतर पोरांना परस्पर वाटेला लावायचं काम त्यांनीच केलं.

पोलीस भरतीची जाहिरात नेमकी त्याच वर्षी निघाली. मुलींना मैदानीला आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, एकूण पन्नास गुण. मी मॅडमकडे हट्ट धरला की आठशे तर सरळ पळायचंय, वळायचं कुठं आहे? त्यांनी जिममधल्या यंत्रावर एकेका पायानं वजन उचलायला लावलं. डावा पाय उजव्याच्या सत्तर टक्केसुद्धा नव्हता. “शर्यतीत मागची मुलगी पाय अडखळून तुझ्यावर पडली तर?” मी फॉर्म भरला नाही. त्या रात्री जेवले नाही, एवढं आठवतं.

नऊ महिन्यांच्या आत खेळात परतायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. हा आकडा हवेतून आलेला नाही. नॉर्वेतल्या खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्म्यानं घटत गेला. आणि नुसतं कॅलेंडर बघूनही भागत नाही. दोन्ही मांड्यांची ताकद मोजायची, मग एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या आडव्या-तिडव्या उड्या, आणि सहा मीटर उड्या मारत जायला लागणारा वेळ. दुखरा पाय चांगल्याच्या किमान नव्वद टक्के भरला पाहिजे. ताकद अचूक मोजणारी महागडी यंत्रं मोठ्या शहरात. आमच्याकडे जिमचं यंत्र, जमिनीला चिकटवलेली मोजपट्टी आणि क्रेटवरून एका पायानं उठणं. मॅडम म्हणतात, याच्यावरही बऱ्यापैकी कळतं, फक्त प्रामाणिकपणे मोजायला हवं.

टीव्हीवर प्रो कबड्डीत खेळाडू पडला की फिजिओ पिशवी घेऊन धावत येतो. २०१४ पासून आमच्या गावातली पोरं हे बघतायत. तीच पोरं गावात स्पर्धा भरवतात तेव्हा पहिलं बक्षीस एक्कावन्न हजार, माणसाएवढी ट्रॉफी, पाहुण्यांना फेटे, डीजे, आणि दुखापतीसाठी तीच स्प्रेची बाटली. या वर्षी आमच्या मंडळाच्या बैठकीत मी बोलायला उठले. फिजिओ बोलवायचा तर पैसे कुठून, हा प्रश्न आलाच. कॉलेजला पत्र दिलं तर इंटर्नशिपची मुलं येतात, जेवण आणि गाडीभाडं द्यायचं, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. फेट्यांचं बिल त्याहून जास्त होतं. अध्यक्षांनी दोन्ही ठेवू म्हटलं.

दोन मुली आणि एक मुलगा आले. मैदानाच्या कडेला टेबल, बर्फाची पेटी, पट्ट्या. रात्री घोटे मुरगळून येणारे जास्त. त्यांची रीत साधी होती. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडा खालून सहा सेंटिमीटरपर्यंत दाबून बघायच्या, पावलाच्या बाहेरच्या कडेवरचं हाड आणि आतल्या बाजूचं हाड दाबायचं, आणि चार पावलं टाकायला लावायची. कुठंच हाडावर दुखत नाही आणि चार पावलं पडतात, तर एक्स-रेची घाई नाही. कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ साली ठरवलेले हे नियम आहेत, आणि आमच्या मैदानावर त्यांनी कित्येक घरांचे एक्स-रेचे पैसे वाचवले. ज्यांना पाठवायला हवं होतं त्यांना रात्रीच पाठवलं. इस्लामपूरच्या एका चढाईपटूचा गुडघा बघून त्यातल्या एका मुलीनं त्याला कागदावर लिहून दिलं: आज बर्फ, पट्टी, कुबडी, चोळायचं नाही, शेकायचं नाही, आठ दिवसांनी ओपीडीत येऊन पुन्हा तपासून घ्यायचं. खाली पत्ता आणि वेळ. त्याच्या संघाच्या व्यवस्थापकानं विचारलं, एमआरआय? ती म्हणाली, आधी आठ दिवसांनी या.

माझी शेवटची चाचणी परवा झाली. उड्यांमध्ये त्र्याण्णव टक्के, मांडीच्या ताकदीत अजून शहाऐंशी. त्यामुळे पकडीच्या सरावाला परवानगी नाही. एकटीनं मॅटवर चढाईची पावलं टाकायची, वळायचं, अर्ध्या वेगानं, अंगावर कुणी घ्यायचं नाही, एवढं मिळालंय. पाडव्यानंतर परत मोजायचंय.